रक्ताचा अहवाल आणि चारित्र्याचा दाखला

दरवर्षी १ डिसेंबरला आमच्या महाविद्यालयांत जागतिक एड्स दिन ‘साजरा’ होतो. फेरी निघते, रांगोळ्या घातल्या जातात, निबंधांतून संयमाचे गुणगान होते. विश्रांतवाडीत राहून मराठी शिकवणारे आम्ही काही जण या निबंधांचे जुने परीक्षक. एका वर्षी बक्षीस समारंभानंतर एका विद्यार्थ्याने हळूच विचारले, “सर, ही तपासणी कुठे करतात?” आम्हां तिघांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणून १९९२ साली स्थापन झालेली संस्था इथून दिघीमार्गे गेले की भोसरीतच आहे. तेव्हा अंतराची सबबही आम्हांला नव्हती.

हे अज्ञान माहितीचे कमी, भाषेचे अधिक. मधुमेहाची तपासणी आपण नाव घेऊन करतो. ही मात्र ‘तसली’ तपासणी. ‘वाईट संगत’, ‘पाऊल घसरणे’ याच शब्दांत जिथे आजाराचा विचार होतो, तिथे रक्ताचा अहवाल हा चारित्र्याचा दाखला ठरतो. असा दाखला मागायला आपण होऊन कोण जाईल?

या दृष्टीला सत्तेचे बळ मिळाले की काय होते, ते गोव्यात दिसले. १९८९ मध्ये रक्तदाता डॉमिनिक डिसोझा याच्या रक्तात एचआयव्ही आढळला आणि त्याला सुमारे दोन महिने कोंडून ठेवण्यात आले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने अलगीकरणाची तरतूद वैधच ठरवली. डॉमिनिकने पुढे बाधितांसाठी संस्था उभारली आणि १९९२ मध्ये तो गेला.

तरीही आमचे काही सुबुद्ध सहकारी विवाहपूर्व तपासणीची सक्ती मागतात. पत्रिकेपेक्षा रक्त पाहावे, हे आम्हांलाही मान्य आहे; सक्ती मान्य नाही. नुकताच झालेला संसर्ग काही आठवडे तपासणीत दिसत नाही, आणि विवाहानंतर होणाऱ्या संसर्गाची हमी तर कोणताच कागद देत नाही. उलट बाधित ठरलेल्या मुलीचे पुढे काय होते, हे सांगायला हवे काय? २०१७ चा कायदा २०१८ पासून लागू आहे. माहितीपूर्ण संमतीविना तपासणी करू नये, हे त्याचे मूळ तत्त्व आहे.

संमती द्यायची तर माहिती हवी. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी मोफत होते. आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. १०९७ या क्रमांकावर विचारणा करता येते. २००४ पासून सरकारी केंद्रांतून औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधांतून तो जोडीदाराकडे जात नाही. एवढी चार वाक्ये आमच्या एकाही पारितोषिकप्राप्त निबंधात आम्हांला आढळली नाहीत, आणि त्यांना गुण आम्हीच दिले होते.

त्या विद्यार्थ्याला उत्तर द्यायला आम्हांला आठवडा लागला. तो आठवडा त्याने कसा काढला असेल, याचा विचार परीक्षकांनी करावा. येत्या डिसेंबरला आम्ही निबंधाचा विषय देणार नाही. फळ्यावर केंद्राचा पत्ता लिहू. त्याआधी स्वतः तिथे जाऊन, रक्त देऊन येऊ.