बंगालच्या चौथाईचा हिशेब

गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. त्याच्या दोनशे वर्षं आधी या मुलखावर आणखी एका वाढत्या सत्तेचा अंमल बसला होता, नागपूरकर भोसल्यांचा. देवगडच्या गोंड घराण्यातल्या वारसाच्या भांडणात पहिले रघूजी मध्यस्थ म्हणून शिरले आणि राज्याचे धनी झाले. पुढे त्यांच्या फौजा छत्तीसगडमार्गे ओडिशा-बंगालात उतरल्या.

त्या का गेल्या, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. रानड्यांनी मराठी सत्तेच्या मुळाशी धर्मजागृती आणि राष्ट्रभावना पाहिली. जदुनाथ सरकारांना बंगालच्या स्वाऱ्यांत लूटच दिसली. आंद्रे विंक यांनी स्थानिक दुहीचा फायदा घेण्याच्या राजकारणाकडे बोट दाखवलं.

मला 1743 साल निर्णायक वाटतं. रघूजी बंगालात असताना खुद्द नानासाहेब पेशवे तिथे गेले, नवाब अलीवर्दी खानाकडून चौथाईचा करार आणि फौजेच्या खर्चापोटी 22 लाख रुपये घेतले आणि रघूजींनाच बंगालबाहेर पिटाळलं. शेवटी शाहू महाराजांना दोघांत मुलूख वाटून द्यावा लागला. रघूजींच्या बाजूने लढणारा मीर हबीब तर नवाबाच्या दरबारातून फुटलेला मुसलमान सरदार. धर्मयुद्धाच्या चौकटीत हे बसवायचं कसं? सरदाराला फौज पोसायची होती आणि फौजेचा पगार पुढच्या मुलखाच्या चौथाईतून निघत होता. माझ्या मते स्वाऱ्यांचं मूळ तिथेच आहे.

अमेरिकेच्या स्पेनविरुद्धच्या 1898च्या युद्धावरही असाच वाद आहे. विल्यम ॲपलमन विल्यम्स यांनी 1959 साली बाजारपेठेची भूक हे कारण पुढे केलं. पण त्याआधीच, 1936 साली, ज्युलियस प्रॅट यांनी दाखवलं होतं की बरेच उद्योजक आधी युद्धाच्या विरोधात होते. फिलिपिन्समधल्या मनिलाच्या विजयानंतर त्यांना आशियाचा व्यापार दिसू लागला. म्हणजे बाहेर पडण्याचं कारण एक आणि तिथेच ठाण मांडण्याचं दुसरं. नागपूरकरांचंही तसंच झालं. 1751च्या तहाने वर्षाला 12 लाखांची चौथाई ठरली आणि ओडिशा व्यवहारात त्यांच्याकडे आला.

या मोहिमांचा अभिमान आपण बाळगतो, मग त्यांची झळ सोसलेल्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. गंगारामाचं ‘महाराष्ट्र पुराण’ हे त्याच काळातलं बंगाली काव्य बर्गींच्या, म्हणजे आपल्याच स्वारांच्या, अत्याचारांचं वर्णन करतं. गोंदिया-भंडाऱ्याच्या कॉलेजांत भोसल्यांचा इतिहास शिकवताना ते मराठीतून मुलांच्या हाती द्या.