गालावरची चामखीळ आणि घरातला बिब्बा



मागच्या संक्रांतीनंतर शेजारच्या वाडीवर हळदी-कुंकवाला गेले होते. साऱ्याजणी ओसरीवर जमल्या, पण घरची थोरली लेक काही माजघरातून बाहेर येईना. मी आत डोकावले, तर पोर तोंडावर ओढणी घेऊन कोपऱ्यात बसलेली. ओढणी बाजूला केली आणि काळजात चर्र झाले. उजव्या गालावर रुपयाएवढा काळा डाग, कडेने फुटलेले फोड आणि डोळा सुजून बंद.

झाले होते एवढेच, की तिच्या गालावर हरभऱ्याच्या डाळीएवढी चामखीळ होती. आठ दिवसांनी पाहुणे बघायला येणार होते. आजी म्हणाली, "बिब्ब्याचा एक टिपका लावू, दोन दिसांत गळून पडंल." आजीच्या मनात मायाच होती. पण बिब्बा उतला. चामखीळ गेली, तिच्या जागी हा डाग आला आणि पाहुण्यांना निरोप धाडावा लागला.

रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा. आणि मुळात तो रोग तरी केवढा होता?

चेहऱ्यावर येणारे बहुतेक उंचवटे निरुपद्रवी असतात. खरखरीत चामखीळ एका विषाणूमुळे येते. मुलांच्या अंगावरची चामखीळ बहुधा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जाते. लहान मुलांना मोत्यासारखे, मध्ये खळगा असलेले दाणे येतात, तेही विषाणूचेच. तेसुद्धा काही महिन्यांत, फार तर वर्ष-दीड वर्षात मावळतात. तान्ह्या बाळाच्या नाकावरचे खसखशीएवढे पांढरे कण काही आठवड्यांत जातात. ते डाळीच्या पिठाने घासू नयेत, नखाने फोडू नयेत. मानेवर, पापणीवर देठाने लोंबणारे मस वयाप्रमाणे येतात. त्यांच्यापासून अपाय नाही. मात्र मानेची कातडी काळी, मखमलीसारखी जाड झाली असेल आणि असे मस पुष्कळ असतील, तर एकदा रक्तातली साखर तपासून घ्यावी.

आता घरगुती उपायांचे पाहू. चामखीळ आपोआप जाणारच असते. त्या सुमारास जे लावले असेल त्याला यश मिळते. कोणी लसूण लावते, कोणी घोड्याच्या शेपटीचा केस बांधते. पण ज्या उपायाने कातडी जळते, त्याने चामखिळीबरोबर चांगली कातडीही जाते. बिब्ब्याचे तेल इतके जालीम, की धोबी त्याने कपड्यावर न जाणारी खूण करीत. तेच आपण लेकीच्या गालावर लावतो! चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र कालवला, की साबण करायला वापरतात तो दाहक कॉस्टिक सोडा तयार होतो. रुईचा चीक डोळ्यात उडाला तर बुबुळाला इजा होऊन नजर अधू होऊ शकते. केस बांधलेला मस कधी गळतो, कधी पिकतो. पायाच्या कुरुपाला लावायचे औषधही तोंडाला लावू नये. आणि दुकानातून आणलेले कसलेही गोरे करणारे मलम नको. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते, त्याने कातडी पातळ होते आणि पुरळ वाढते.

मग घरी करायचे काय? खाजवायचे नाही, उपटायचे नाही. मुलांची नखे कापावीत, टॉवेल वेगळा ठेवावा. दाढीच्या जागी चामखिळी आल्या असतील तर वस्तरा त्यांवरून फिरवू नये, त्याने त्या पसरतात. आणि थांबावे. थांबणे हाही एक उपायच आहे, आणि तो फुकट आहे.

थांबायचे नसेल, तर कातडीच्या डॉक्टरकडे जावे. ते जागा बधिर करून विजेच्या सुईने मस काढतात किंवा अतिशय थंड नायट्रोजनने चामखीळ गोठवतात. काम थोड्या वेळाचे असते. पण खरे तेच सांगते: आपल्या सावळ्या कातडीवर त्यानेही काही दिवस डाग राहू शकतो आणि चामखीळ पुन्हा येऊ शकते. म्हणून लग्नाच्या आधी आठ दिवस नव्हे, चार-सहा महिने आधी जावे.

काही गोष्टींत मात्र थांबू नये. गाठ आठवड्या-आठवड्याला वाढत असेल, आपोआप रक्त येत असेल, महिनाभर जखम भरत नसेल, जुन्या तिळाचा रंग किंवा आकार बदलत असेल, तर लगेच दाखवावे. कानाच्या पाळ्या जाड होणे, चेहऱ्यावर गाठी येणे, भुवया विरळ होणे, अंगावर बधिर चट्टा दिसणे ही कुष्ठरोगाची खूण असू शकते. त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि सहा महिने किंवा वर्षभर नेमाने घेतल्या की रोग पूर्ण बरा होतो. अशा गाठीवर बिब्बा लावला तर गाठ काळी होते, ओळखू येत नाही आणि मोलाचा वेळ जातो.

चुकून बिब्बा लागलाच, तर लगेच साबण आणि भरपूर गार पाण्याने धुवावे. चुना-सोड्याने भाजले किंवा डोळ्यात चीक उडाला, तर निदान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि तडक दवाखाना गाठावा.

त्या पोरीला दुसऱ्याच दिवशी आम्ही ग्रामीण रुग्णालयात नेले. सूज उतरली, फोड सुकले. डाग मात्र सावकाश फिका होतो आहे. परवा पुन्हा वाडीवर गेले, तर आजीने मला जवळ बसवले. म्हणाली, "बाई, माझ्या हातानं पोरीचा गाल पोळला. हे तू पेपरात लिही. दुसऱ्या आजीनं तरी बिब्बा फोडू नये."

म्हणून आज हे लिहिले.