पेटी आपली, मग अ‍ॅकॉर्डियन परका का?

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. ज्यांना भांडण नको असेल त्यांनी मागची घारग्यांची पोस्ट वाचावी, ती गोड आहे.

गेले काही महिने मी अ‍ॅकॉर्डियन आणि बॅगपाइप ही दोन वाद्यं मन लावून ऐकते आहे. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि नातवाने यूट्यूब लावून द्यायला शिकवलं आहे. इतकं सुंदर काही ऐकायला मिळालं की वाटलं, सगळ्यांना सांगावं. पण सांगायला लागलं की समोरचा नाक मुरडतो. अ‍ॅकॉर्डियन म्हणजे पार्टीतलं वाद्य आणि बॅगपाइप म्हणजे गोऱ्यांचा गोंगाट, असं ठरून गेलं आहे.

हे नाक मुरडणं घरापुरतं असतं तर गप्प बसले असते. पण आमच्या भागात शाळकरी मुलांची वाद्यवादन स्पर्धा झाली, तिथे ओळखीतल्या एका मुलीचा अर्ज परत आला. कारण काय, तर ती अ‍ॅकॉर्डियन वाजवते आणि स्पर्धा ‘फक्त भारतीय वाद्यांची’. मी आयोजकांना फोन केला. उत्तर मिळालं, "बाई, ते आपल्या संस्कृतीत बसत नाही." त्याच स्पर्धेत पेटी वाजवणारी मुलं होती, व्हायोलिन वाजवणारीही होती. चौथीपासून जी मुलगी खांद्याला पट्टे लावून ते ओझं पेलते आहे, तिला आपण सांगितलं की तू वाजवतेस ते आपलं नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे.

आता पेटीचंच बघा. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून वाजवता येईल असं रूप दिलं. अ‍ॅकॉर्डियनचं पेटंट व्हिएन्नाच्या सिरिल डेमियनने १८२९ मध्ये घेतलं. दोघींच्या पोटात तेच, भात्याची हवा आणि थरथरणारी धातूची पत्ती. सख्ख्या नाहीत तरी चुलत बहिणी नक्कीच. एकीला आपण देवघरात बसवलं आणि दुसरीला दाराबाहेर उभं केलं.

आणि पेटीलाही कुणी हसत हसत घरात घेतलं नव्हतं बरं का! आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आक्षेप हाच, परकं वाद्य, त्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. गोविंदराव टेंब्यांसारख्या माणसाने जे वाद्य बोलकं केलं, त्याला रेडिओचं दार बंद! आज त्या बंदीला आपण हसतो. मग तोच न्याय अ‍ॅकॉर्डियनला लावताना हसू का येत नाही?

व्हायोलिनचीही तीच कथा. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ ऐकताना ते परकं आहे असं कुणाच्या मनात तरी येतं का? लालबाग-परळच्या मिरवणुकीत पिढ्यान्‌पिढ्या वाजणारा बेंजो, तोसुद्धा जपानच्या ताइशोगोतोचा वंशज. ते वाद्य नागोयात १९१२ मध्ये जन्मलं. म्हणजे आपल्या गणपतीपुढे जपान नाचतो आहे, आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही!

मींडेचा आक्षेप मात्र खरा आहे. अ‍ॅकॉर्डियनवर मींड निघत नाही. पण त्याच्याकडे दुसरी गोष्ट आहे, श्वास. आपली पेटी मांडीवर बसते आणि एक हात भात्यात अडकतो. अ‍ॅकॉर्डियन छातीशी धरतात. उजवा हात पट्ट्यांवर, डावा बटणांवर, आणि तोच डावा हात भाता ओढतो-दाबतो. स्वर फुगवायचा, विरवायचा, मध्येच हिसका द्यायचा, सगळं भात्यात. मोठ्या अ‍ॅकॉर्डियनला डाव्या बाजूला १२० बटणं असतात. माझ्या बोटांना तर मोबाइलची बटणं सापडत नाहीत!

आणि ‘आपल्या संस्कृतीत बसत नाही’ म्हणजे काय हो? १९५१ च्या ‘आवारा’तलं शीर्षकगीत आठवा आणि त्यातून अ‍ॅकॉर्डियन काढून बघा. काय उरतं? ‘आराधना’मधलं (१९६९) ‘रूप तेरा मस्ताना’ तर केरसी लॉर्ड यांच्या अ‍ॅकॉर्डियनवरच झुलतं. गुडी सिरवई, पुण्याचे इनॉक डॅनियल्स ही सगळी आपलीच माणसं. पारशी, ख्रिस्ती, मराठी, गोवेकर वादक एका खोलीत बसत आणि बाहेर पडत ते हिंदी गाणं. परळचं राजकमल घ्या, ताडदेवचं फेमस घ्या, ही संस्कृती आपल्याच गल्ल्यांमधून तयार झाली आहे. गिरगावातून चालत धोबीतलावला गेलं की फुर्ताडोंचं दुकान, ते १८६५ पासूनचं. दीडशे वर्षांहून अधिक शेजारी राहिलेल्याला परका म्हणायचं?

आता बॅगपाइप. माझं माहेर बेळगावचं. तिथल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पाइप बँडमुळे हा आवाज मला लहानपणापासून ठाऊक. पण तो नीट कळला आता. स्कॉटलंडच्या बॅगपाइपला सूर धरणाऱ्या तीन नळ्या असतात. त्या अखंड षड्ज देतात, आपल्या सनईमागे एक जण नुसता सूर धरून बसतो ना, तसा. बोटांच्या नळीतून फक्त नऊ स्वर निघतात, खालच्या कोमल निषादापासून तार षड्जापर्यंत. शुद्ध गंधार, कोमल निषाद... म्हणजे आपला खमाज थाट! शिवाय हवा थांबवता येत नाही, त्यामुळे एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा तर मध्ये कणस्वर घ्यावाच लागतो. षड्जाची आस, खमाज आणि कण! आणखी किती आपलं हवं? गढवाल-कुमाऊंच्या लग्नांत हेच वाद्य ‘मशकबीन’ म्हणून वाजतं. त्यांनी कुणाला विचारलं नाही.

बाहेरच्या जगात तर मजाच मजा. पॅरिसमध्ये ओव्हेर्न्य प्रांतातून आलेले लोक बॅगपाइपवर नाच करत, त्या वाद्याचं एक नाव ‘म्युझेत’. मग इटलीहून आलेल्यांनी अ‍ॅकॉर्डियन आणला. आधी कुरबुर झाली, नंतर एकत्र वाजवणं, आणि शेवटी अ‍ॅकॉर्डियनने बॅगपाइपला मागे टाकलं. नाव मात्र ‘म्युझेत’च राहिलं! आज जगाला पॅरिसचा म्हणून जो सूर माहीत आहे, तो दोन उपऱ्यांच्या भांडणातून आणि संसारातून आला आहे.

ऐकायचं असेल तर ही यादी घ्या : ब्राझीलचा लुइस गोन्झागा, लुइझियानाचा क्लिफ्टन शेनिए. अ‍ॅकॉर्डियनच्या नात्यातला बँडोनियन ऐकायला अर्जेंटिनाचा पियाझोला. बॅगपाइपसाठी स्पेनच्या गॅलिशियाचा कार्लोस नुन्येझ. आणि फिलाडेल्फियाचा रूफस हार्ली, ज्याने १९६३ मध्ये केनेडींच्या अंत्ययात्रेत बॅगपाइप ऐकला आणि त्यावर चक्क जॅझ वाजवलं. एकच वाद्य, पण दर मुलखात त्याची बोली वेगळी. कुठे नाचरं, कुठे रडवेलं.

काही जण म्हणतील, बाई, दारं सताड उघडली तर आपली वाद्यं मरतील. अहो, आपली वाद्यं अ‍ॅकॉर्डियनने नाही मारली. जी मिरवणूक भिंती हादरवणाऱ्या स्पीकरांखाली चिरडते, तिला विचारा सनई कुठे गेली ते. हाताने, श्वासाने, घामाने वाजणारी सगळी वाद्यं आज एकाच नावेत आहेत. सनई, पेटी, अ‍ॅकॉर्डियन, बेंजो, सगळी. त्यांनी एकमेकांना ढकलून द्यायचं नसतं.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. नियमातला ‘भारतीय’ हा शब्द खोडा आणि ‘हाताने वाजणारी’ असं लिहा. नसेल खोडायचा, तर पेटी आणि व्हायोलिनही परत पाठवा. निदान नियम तरी सरळ राहील.

आणि नातेवाइकांनो, कुणाच्या माळ्यावर काकांचा जुना अ‍ॅकॉर्डियन पडला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. मला फोन करा. वाजवणारी एक मुलगी माझ्या ओळखीची आहे.