घाटातील तांबड्या थरांची साक्ष

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाट चढू लागले की रस्त्यासाठी तासलेल्या कड्यांत, काळ्या कातळाच्या मधोमध, विटकरी रंगाची एखादी पट्टी आडवी गेलेली दिसते. कोठे ती वीतभर जाडीची असते, कोठे हातभर, क्वचित त्याहूनही अधिक. एस.टी.च्या खिडकीतून पाहणारा प्रवासी तिला मुरूम समजतो. कोणी गेरू म्हणतो. भूशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती बहुतेक ठिकाणी एक जुनी जमीन आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तिने ऊन खाल्ले, पाऊस झेलला आणि मग नव्या लाव्हाखाली ती कायमची गाडली गेली.

सह्याद्रीचा हा पहाड एका दमात उभा राहिलेला नाही. लाव्हाचा एक लोंढा पसरावा, थंड व्हावा, मग काही काळ शांततेचा जावा आणि पुन्हा दुसरा लोंढा यावा, असा हा क्रम पुष्कळ काळ चालला. मधल्या शांततेत उघड्या कातळाचा माथा हवापाण्याने कुजे, त्यातील लोह गंजून तांबडे होई, दगडाची चिकणमाती बने. पुढचा लोंढा येताच तिचा वरचा भाग भट्टीतल्या विटेसारखा भाजून निघे. अशा थराची जाडी ही दोन लोंढ्यांमधील अवकाशाची ढोबळ मोजपट्टी ठरते. मातीतील खनिजांवरून पाऊसमानाचा अंदाज बांधता येतो. चुन्याचे खडे साचले असतील तर हवामान कोरडे होते, सारे क्षार धुऊन जाऊन केवळ लोह आणि ॲल्युमिनियम उरले असेल तर ते उष्ण आणि दमट होते, असे सर्वसाधारणपणे मानतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरील जांभा हा या दुसऱ्या प्रकारचाच दाखला होय. ज्वालामुखी शांत झाल्यावर दीर्घकाळ पाऊस खाऊन तो तयार झाला. अर्थात प्रत्येक तांबडी पट्टी ही माती असतेच असे नव्हे. काहींत ज्वालामुखीची राख आहे, काहींचा रंग मागाहून झिरपलेल्या पाण्याने आलेला आहे. या बाबतीत तज्ज्ञांतही मतभेद आहेत, आणि म्हणूनच एका थराच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. अनेक ठिकाणचे थर पाहावे लागतात.

मातीची साक्ष पडताळून पाहण्यास वनस्पतींचे अवशेष हे दुसरे साधन. लाव्हाच्या या प्रदेशाच्या पूर्व टोकाला, विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या छिंदवाड्याकडे, लोंढ्यांच्या दरम्यान तळी साचली होती. त्यांत पडलेल्या लाकडात सिलिका मुरून पेशीन् पेशी दगडात उतरली. या लाकडांत ताडवर्गीय झाडे विपुल आहेत. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील अवशेषांवर बिरबल साहनी आणि के. पी. रोडे यांनी १९३७ साली लिहिले. तेथे निपा या ताडाचे फळ मिळाले आहे. निपा आज सुंदरबनासारख्या खाडीच्या चिखलात वाढतो. आज समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या त्या गावाजवळ एके काळी समुद्राचा फाटा आला असावा, या अनुमानाला या एका फळाने बळ दिले. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याची कथा तर अधिकच नवलाची. तेथील डायनोसॉरांच्या अश्मीभूत शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले, आणि गवताचा उगम डायनोसॉरांच्या नंतरचा ही रूढ समजूत मोडीत निघाली.

घाटातील तांबडे थर अवशेषांच्या बाबतीत इतके उदार नाहीत. तरीही जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात आज पोलादपूरचे नाव पिसदुऱ्यापेक्षा अधिक वेळा येते. याचा आरंभ महाराष्ट्रातल्याच एका महाविद्यालयाशी निगडित आहे, ही गोष्ट विसरली जाऊ नये. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे प्रा. आर. एन. सुखेस्वाला यांनी नजाफी आणि ऑक्सफर्डचे कॉक्स यांच्यासह महाड ते महाबळेश्वर या चढणीवरील लोंढ्यांचे रासायनिक पृथक्करण करून ते १९८१ साली प्रसिद्ध केले. पुढे त्या दशकात या लोंढ्यांचे गट पाडले गेले, तेव्हा खालून वर जाताना एका गटाला पोलादपूर, त्यावरच्याला आंबेनळी आणि त्याहून वरच्याला महाबळेश्वर अशी नावे मिळाली. डायनोसॉरांचा अंत मेक्सिकोत आदळलेल्या अशनीने झाला की दख्खनच्या ज्वालामुखीने, या वादात ही नावे आता अपरिहार्य झाली आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दोन प्रबंध एकत्रच आले. एका गटाने मुख्यतः तांबड्या थरांतून वेचलेल्या झिर्कॉनच्या स्फटिकांवरून काल मोजला आणि पोलादपूर गटाचा मोठा उद्रेक विनाशाच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाला असे म्हटले. दुसऱ्या गटाने लोंढ्यांतील खनिजांवरून मोजणी केली. त्याच्या मते बहुतेक लाव्हा विनाशानंतरच बाहेर पडला. वाद मिटलेला नाही. तो मिटायचा तर त्याचा पुरावा याच घाटांच्या कड्यांत पुन्हा शोधावा लागेल.

आणि नेमका हा पुरावा झाकला जात आहे. महामार्ग रुंद होतात, दरडी कोसळू नयेत म्हणून कड्यांवर जाळ्या बसतात आणि सिमेंटचा लेप चढतो. रस्ता नको, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. ज्या तालुक्यांतील निम्मे घरसंसार मुंबईच्या मनिऑर्डरीवर वाढले, त्यांना तर नाहीच नाही. प्रश्न क्रमाचा आहे. लेप चढवण्यापूर्वी त्या कापाची छायाचित्रे घ्यावीत, थर मोजावेत, मूठभर नमुने डबीत भरून ठेवावेत, आणि उतार सुरक्षित असेल तेथे दोन-चार हात कडा उघडा सोडावा, याला लागणारा खर्च कोट्यवधींच्या कंत्राटात दिसणारही नाही. मग तो होत का नाही? अर्थशास्त्रात याचे उत्तर जुनेच आहे. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना, तिचा खर्च कोणाच्याच वाट्याला नसतो. कंत्राटदाराला त्यात काही मिळत नाही, अभियंत्याच्या अंदाजपत्रकात त्याला रकाना नाही, आणि परदेशी संशोधक नमुने घेऊन परत जातो. तो रकाना शासनानेच निविदेत घातला पाहिजे.

युनेस्कोच्या वारसास्थळांसाठी भारताने केलेल्या संभाव्य यादीत २०२५ साली पाचगणी-महाबळेश्वर येथील दख्खनी लाव्हाचा समावेश झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्या नावात घाटाखालच्या पोलादपूरचा उल्लेख नाही. पर्यटक जातो त्या माथ्याची दखल घेतली गेली आणि पायऱ्या तशाच राहिल्या, असे यातून घडू नये.

हे सारे विद्वानांचे चोचले आहेत, असा आक्षेप येईल. त्याला महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतूनच उत्तर मिळते. तांबडा थर चिकणमातीचा असल्याने भेगाळ कातळातून उतरलेले पाणी त्याच्यावर अडते आणि डोंगराच्या कुशीतून बाजूला फुटते. वाडीचा झरा पुष्कळदा अशा जागी असतो. हेच अडलेले पाणी अतिवृष्टीत वरच्या सुट्या मातीचा आधार काढून घेऊ शकते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली, त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या आणि आंबेनळी घाट तुटला. प्रत्येक दरडीचा दोष तांबड्या थराला देणे चुकीचे ठरेल. उतार, वरची माती आणि पावसाचा जोर ही कारणे त्याच्या जोडीला असतातच. परंतु कोणत्या वाडीच्या वर, किती उंचीवर असा थर आहे, त्यावर किती माती साचली आहे, हे दाखवणारा नकाशा पुनर्वसनाची जागा ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर असणे ही चैन म्हणता येणार नाही.

असा नकाशा बाहेरून कोणी येऊन काढील, याची वाट पाहण्याचे कारण नाही. लोणेरे येथे तांत्रिक विद्यापीठ आहे, महाडला महाविद्यालय आहे, वाड्यावाड्यांतून शाळा आहेत. थरांची रासायनिक परीक्षा प्रयोगशाळांनी करावी. पण झऱ्याची जागा, त्याच्या वरचा-खालचा दगड आणि थराची उंची टिपण्यास भूगोलाचा शिक्षक आणि दहा विद्यार्थी पुरे आहेत. पाऊस ओसरल्यावर मार्गशीर्षात एक पाहणी करावी आणि चैत्रात दुसरी, म्हणजे कोणता झरा बारमाही आहे आणि कोणता होळीलाच आटतो, हे गावनिहाय कागदावर येईल.