जुन्या संगणकाची हार्ड डिस्क निवडताना

जुन्या संगणकाची हार्ड डिस्क बिघडली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, यंत्र भंगारात द्या. दुसरा, मिळेल ती मोठ्यात मोठी डिस्क बसवा. माझ्या मते दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. डिस्कवर किती मावते याआधी आपले यंत्र कुठवर मोजू शकते, हे पाहिले पाहिजे.

उदाहरणादाखल १९९२ च्या सुमाराचा ४८६ जातीचा संगणक घेऊ. डिस्कवरील प्रत्येक जागेला पत्ता असतो. त्या काळी तो सिलिंडर, हेड व सेक्टर अशा तीन आकड्यांनी देत असत. यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम म्हणजे बायॉस. त्यात सिलिंडरसाठी १० बिट राखलेले असत. २ चा दहावा घात १०२४. सेक्टरसाठी ६ बिट, म्हणजे ६४ आकडे. पण सेक्टरची मोजणी १ पासून सुरू होते, म्हणून ६३ च उरतात. हेडसाठी डिस्कच्या आयडीई जोडणीत ४ बिट, म्हणजे १६. प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. आता गुणाकार करा :

१०२४ × १६ × ६३ × ५१२ = ५२,८४,८२,३०४

म्हणजे सुमारे ५२८ मेगाबाइट. अशा यंत्राला ८० गिगाबाइटची डिस्क जोडली, तरी या मर्यादेपलीकडचा पत्ता त्याला लिहिताच येत नाही. नंतरच्या काळातील काही यंत्रे तर ३२ गिगाबाइटहून मोठी डिस्क जोडताच सुरू होताना अडकून पडतात.

मग निवड कशी करावी? प्रथम वीज बंद करून जोडणी पाहा. आयडीईच्या जोडणीत ४० टाचण्यांची जागा असते. त्याहून जुन्या यंत्रांत ३४ व २० तारांच्या दोन पट्ट्या आढळल्या, तर आयडीई डिस्क तेथे थेट चालणार नाही. त्यानंतर क्षमतेचा हिशेब करा. वापरलेली जुनी डिस्क स्वस्त मिळते, परंतु तिचे फिरणारे भाग आधीच झिजलेले असतात. त्यापेक्षा ५१२ मेगाबाइटचे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड मला अधिक पसंत आहे. ते आयडीईचीच भाषा जाणते, साध्या जोडपट्टीने बसते आणि त्यात फिरणारे काहीच नसते.

मात्र जुनी डिस्क अजून फिरत असेल, तर तिच्यावरील मजकुराची नक्कल आधी काढा. नवी डिस्क विकत मिळेल. त्यावरील मजकूर मिळणार नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, शाळेतील असे यंत्र भंगारात देण्यापूर्वी एकदा वर्गात उघडून दाखवावे. द्विमान संख्या फळ्यावर शिकवतोच. तिचा परिणाम येथे हाताळता येतो.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. पुढे सेक्टरना सरळ क्रमांक देण्याची पद्धत आली व त्यासाठी २८ बिट ठेवले गेले. मग डिस्कची कमाल मर्यादा किती झाली?