वाडीचे गाऱ्हाणे ग्रामसभेत मांडा

आवणी उरकली असेल. चिखलाचे पाय धुऊन घटकाभर ओट्यावर टेका, म्हणजे चार गोष्टी बोलू.

आपला इगतपुरी तालुका नवलाचा. अकोल्याच्या शिवेवर 1646 मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, पश्चिमेला कसाऱ्याचा घाट, मध्ये घोटीची भाताची बाजारपेठ. दारणा धरण 1916 साली पुरे झाले. त्याचे पाणी गोदावरीच्या कालव्यांनी पार कोपरगावकडे जाते. वैतरणेचे पाणी मुंबईची तहान भागवते. आणि एवढा पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात डोंगरकडच्या वाड्यांतल्या मायबहिणी हंडा घेऊन झऱ्याकाठी ताटकळतात.

असे का? एक कारण जमिनीचे. पाणी कातळावरून वाहून जाते, मुरत नाही. दुसरे कारण आपले. पंचायत गावठाणात, वाडी कोसभर लांब. वाडीचे गाऱ्हाणे ठरावात उतरतच नाही, मग विहिरीला पैसा येणार कुठून?

मंडळी, कोणते काम कोणाकडे हे आधी ध्यानात ठेवा. सातबारा, फेरफार आणि पीकपाहणी तलाठ्याकडे. 2024 पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांच्यावर तहसीलदार. घराचा नमुना 8 चा उतारा, दिवाबत्ती आणि नळपाणी ग्रामपंचायतीकडे. तिच्यावर पंचायत समिती आणि गटविकास अधिकारी. चुकीच्या दारात उभे राहिलात, तर एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही बुडतात.

आता मोलाची गोष्ट. आपल्या तालुक्यातली पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. त्यांना 1996 चा पेसा कायदा लागू आहे, आणि राज्याचे नियम 2014 साली झाले. त्या नियमांप्रमाणे दूरच्या वाडीला किंवा पाड्याला बहुमताने ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते. तो ठराव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचा. मान्यता मिळाली की वाडीची ग्रामसभा वाडीतच भरते. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधीही थेट मिळतो. तो कशावर खर्चायचा, हे ग्रामसभेत ठरते.

वर्षातून निदान चार ग्रामसभा भरतात, आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तेव्हा माउल्यांनो, ‘आम्हाला काय कळतंय’ असे म्हणू नका. पाण्याची वाट जिने तुडवली, तिच्याइतके पाण्याचे कोणाला कळते? महिला सभेत बोला आणि बोललेले कागदावर उतरवून घ्या. वहीत काय लिहिले ते वाचून दाखवायला सांगा, मगच अंगठा किंवा सही करा.

आणि कारभारी, त्या दिवशी घरची म्हैस तुम्ही सांभाळा. एक वेळ धार उशिरा निघाली तरी चालेल. ठराव हुकला, तर आणखी एक उन्हाळा हंडा डोक्यावरच राहील.