मोडीत काढण्याचा अधिकार

भिवंडीच्या गाळ्यांमागे असो, चाकणच्या एमआयडीसीत असो की उरणच्या कंटेनर यार्डांत, पॅलेट दुरुस्तीचा हिशेब बहुतेक ठिकाणी एकाच प्रश्नावर येऊन थांबतो : आज किती नग तयार झाले? संध्याकाळी मुकादम थप्प्या मोजतो, आकडा कंत्राटदाराकडे जातो आणि त्यावर मजुरी निघते. मोडीत काढलेल्या पॅलेटला या हिशेबात जागाच नाही. ती उलटून पाहण्यात, ठोकून पाहण्यात आणि बाजूला टाकण्यात गेलेला वेळ कारागिराच्या खिशातून जातो. ही पद्धत बदलायला हवी, असे आमचे मत आहे.

फळी उचकटून नवी ठोकणे हाताला लवकर बसते. नेलगन आणि कॉम्प्रेसर असेल तर आणखी लवकर. नजर बसायला मात्र वर्षे लागतात. पुढची फळी फुटलेली दिसली, की फोर्क तिरका शिरला हे जाणत्याला विचारावे लागत नाही. खालची फळी खिळ्यांसकट उखडली असेल, तर हँड पॅलेट ट्रकची चाके तिच्यावर असताना कोणीतरी हँडल मारले आहे. ही दोन्ही कामे सोपी आहेत. स्ट्रिंगरला, म्हणजे फळ्या पेलणाऱ्या दांड्याला, फोर्कच्या खाचेच्या कोपऱ्यातून चीर गेली असेल, तर गोष्ट वेगळी. वरून नवी फळी ठोकली की ती चीर झाकली जाते, आणि थप्पीत ती पॅलेट इतरांइतकीच देखणी दिसते.

दोष कुठे आहे याइतकेच ती पॅलेट कुठे जाणार हेही महत्त्वाचे. जमिनीवर ठेवलेल्या पॅलेटला खालून सगळीकडे आधार असतो. तीच पॅलेट दोन बीमच्या रॅकवर चढवली, की आधार फक्त दोन टोकांना उरतो आणि मधला सगळा भार स्ट्रिंगरवर किंवा खालच्या फळ्यांवर येतो. म्हणूनच पॅलेटची स्थिर, हलती आणि रॅकवरची भारक्षमता वेगवेगळी सांगितली जाते. तळमजल्यावर वर्षभर चालेल अशी पॅलेट चौथ्या लेव्हलवर एका रात्रीत दगा देऊ शकते, आणि तिच्याखालच्या गल्लीत पिकिंग करणारा माणूस उभा असतो. तरीही किती यार्डांत दुरुस्ती करणाऱ्याला सांगितले जाते, की हा लॉट रॅकवर जाणार की जमिनीवर?

युरोपातल्या ८०० × १२०० मिलिमीटरच्या युरो पॅलेटचे उदाहरण इथे उपयोगी आहे. तिच्यात ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे असतात, आणि कोणता खिळा कुठे हेही ठरलेले असते. तिची दुरुस्ती परवानाधारकानेच करायची आणि दुरुस्तीनंतर खुणेचा खिळा ठोकायचा, असा दंडक आहे. तुटकी फळी, गहाळ ठोकळा, खिळ्यांचे दांडे उघडे पडतील इतका फुटलेला ठोकळा किंवा न वाचता येणारा छाप, यांतले काहीही असेल तर ती पॅलेट अदलाबदलीत घेतली जात नाही. एका देशातली पॅलेट दुसऱ्या देशातला अनोळखी माणूस निर्धास्तपणे स्वीकारतो, तो या कडकपणामुळे. ‘नाही’ म्हणण्याचे निकष लेखी असल्याने तिथे तपासणाऱ्याला कोणाची मनधरणी करावी लागत नाही.

आपल्याकडे असा लेखी नियम एका बाबतीत आहे, पण यार्डात तो फारसा पोहोचलेला नाही. लाकडी पॅकिंगमधून कीड देशोदेशी जाते, हे अमेरिकेला १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील झाडांवर आशियाई लाँगहॉर्न भुंगेरा सापडला तेव्हा कळले. अशी कीड रोखण्यासाठी २००२ मध्ये आयएसपीएम १५ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे राहिले पाहिजे, ही त्यातली अट आणि या उष्णता-प्रक्रियेचा ‘एचटी’ हा शिक्का बहुतेकांना ठाऊक असतो. दुरुस्तीचे कलम मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. साधारण एक तृतीयांश भाग बदलेपर्यंत मानक त्याला दुरुस्ती म्हणते. त्यासाठी वापरलेले लाकूड प्रक्रिया केलेलेच हवे आणि जोडलेल्या प्रत्येक भागावर स्वतंत्र शिक्का हवा. त्याहून जास्त भाग बदलले, तर ती पुनर्निर्मिती झाली. मग जुने सगळे शिक्के कायमचे पुसायचे, पूर्ण पॅलेटवर पुन्हा प्रक्रिया करायची आणि नवा शिक्का मारायचा. युरो पॅलेटचे २० लाकडी भाग धरले, तर सहाव्या भागापर्यंत दुरुस्ती आणि सातव्यापासून पुनर्निर्मिती, असा ढोबळ हिशेब मांडता येईल.

आता आपल्या यार्डातली रीत आठवा. मोडलेल्या पॅलेटमधून निघालेल्या फळ्यांचा एकच ढीग असतो. त्यात आयात पाइन असते, निलगिरी असते, कुठल्या तरी क्रेटची बिनशिक्क्याची पट्टी असते. हाताला येईल ती फळी ठोकली जाते आणि ठोकळ्यावरचा जुना ‘एचटी’ शिक्का तसाच राहतो. त्या क्षणी तो शिक्का खोटा होतो. देशात फिरणाऱ्या पॅलेटला या मानकाची अट नाही, हे खरे. पण यार्डातून निघालेली पॅलेट पुढे न्हावा-शेव्याला कंटेनरमध्ये चढणार नाही, याची खात्री कोणी देत नाही. परदेशी बंदरात माल अडकला की निर्यातदाराकडून विचारणा होते आणि बोट दुरुस्ती करणाऱ्याकडे वळते. वेगळा ढीग ठेवायला जागा मात्र त्याला कोणी दिलेली नसते. शिक्का मारण्याचा अधिकार मान्यताप्राप्त प्रक्रिया केंद्राचा आहे; शिक्का नीट राखणे यार्डाच्या हाती आहे.

मोडीत काढण्याची काही कारणे डोळ्यांना दिसतही नाहीत. अमेरिकेत जानेवारी २०१० मध्ये टायलेनॉलसह अनेक औषधे कुबट वासामुळे बाजारातून परत बोलावली गेली. लाकडी पॅलेटवर वापरलेल्या रसायनापासून तयार झालेले ट्रायब्रोमोअॅनिसोल हे त्या वासाचे कारण निघाले. औषधे आणि खाद्यपदार्थ हाताळणाऱ्या गोदामांनी हा प्रसंग विसरू नये. तेल पिऊन काळी पडलेली, रसायन सांडलेली, पावसात भिजून बुरशी धरलेली पॅलेट कितीही मजबूत असली, तरी ती खाद्यपदार्थाच्या लॉटमध्ये जाता कामा नये. उष्णतेची प्रक्रिया लाकडातली कीड मारते, पुढच्या ओलीपासून येणारी बुरशी थांबवत नाही. तेव्हा पावसाळ्यात शिक्क्याबरोबर नाकावरही विश्वास ठेवा. रसायन प्यालेले किंवा धुरी दिलेले लाकूड चुलीत जाळण्यासाठी घरी नेऊ नका आणि कोणाला देऊही नका.

यावर मालकवर्गाची हरकत आम्हाला माहीत आहे. मोडीत काढण्याचेही पैसे दिले, तर कारागीर धडधाकट पॅलेटसुद्धा बाजूला टाकतील. रोजंदारी दिली, तर काम रेंगाळेल. ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणून आम्ही मजुरीचे तीन भाग सुचवतो. तपासलेल्या प्रत्येक नगाला, निकाल काहीही लागो, ठरावीक दर. दुरुस्तीला बदललेल्या भागांप्रमाणे दर. आणि मोडून वापरण्याजोग्या फळ्या सुट्या करण्याचा वेगळा दर. सोबत आठवड्यातून एकदा सुपरवायझरने मोडीच्या आणि तयार मालाच्या अशा दोन्ही थप्प्यांतून काही नग कारागिरासमोर तपासावेत. लबाडी दोन्ही बाजूंनी पकडली जाईल, आणि प्रामाणिक माणसाला दंड बसणार नाही.

बाकीच्या गोष्टींना फार पैसा लागत नाही. मोडीत काढण्याचे निकष मराठीत आणि हिंदीत, चित्रांसह, दुरुस्तीच्या जागी लावा. बाद ठरलेली पॅलेट व्यवस्थापकाला वापरायचीच असेल, तर त्याने नोंदवहीत सही करून वापरावी. शिक्क्याच्या आणि बिनशिक्क्याच्या फळ्या वेगळ्या रचा. काम जमिनीवर वाकून करण्याऐवजी कंबरेच्या उंचीच्या टेबलावर करू द्या. पंचवीस किलोची पॅलेट ओली झाली की आणखी जड होते, आणि ती दिवसभर उलटायची असते. चष्मा, जाड तळाचे बूट आणि कानाचे प्लग यांना ‘मागितले तर देऊ’ या यादीतून काढा.

शेवटची सूचना कारागिरांना. प्रत्येक पॅलेट कशामुळे मोडली याच्या खडूच्या रेघा फळ्यावर मारत चला : फोर्क, ट्रकची चाके, जादा भार, कुजणे, खिळे सुटणे. महिनाअखेरीस तो फळा गोदाम व्यवस्थापकाला दाखवा. कोणत्या डॉकवर, कोणत्या पाळीत फळ्या फुटतात, हे गोदामात दुसऱ्या कोणालाच सांगता येत नाही. ज्या व्यवस्थापकाच्या दुरुस्तीचा खर्च त्या रेघांमुळे कमी होईल, त्याच्याशी मोडीच्या दराची बोलणी करणे तुम्हाला सोपे जाईल. ती बोलणी नव्या वर्षाच्या कंत्राटाआधी सुरू करा. दर एकदा कागदावर चढला, की वर्षभर हलत नाही.